वापसीचा माल आत येणार नाही

त्या हिवाळ्यात आमच्या राईस मिलच्या नावानं जगभर टक्कल घालवायची औषधं विकली जात होती, आणि ही खबर आम्हालाच सगळ्यात शेवटी लागली.

सकाळी सालेकशाहून पॅसेंजरनं गोंदियाला यायचं, स्टेशनवरून ऑटोनं मिल गाठायची, फडक्यानं खुर्ची झटकायची आणि कॉम्प्युटर सुरू करायचा, हा माझा रोजचा क्रम. खुर्ची झटकावीच लागते. राईस मिलच्या ऑफिसात कोंड्याची धूळ कुणाला विचारून येत नाही. तर त्या सकाळी मेलची पेटी उघडली आणि बघते तो काय, पेटी तुडुंब. सगळी पत्रं एकाच थाटाची. तुम्ही पाठवलेलं पत्र पोहोचू शकलं नाही. या नावाचा कुणी इथं राहत नाही. यांची पेटी भरली आहे. यांनी नोकरी सोडली. मी म्हटलं, अहो, पण मी कधी पाठवलं? एक उघडलं तर खाली मूळ पत्र चिकटवलेलं: एका गुळगुळीत डोक्याचा फोटो, शेजारी तेच डोकं झुलपांसकट, आणि पाठवणाऱ्याच्या जागी आमच्या मिलचा पत्ता.

भानगड अशी की पाकिटाच्या मागे पाठवणाऱ्याचा पत्ता कुणीही काहीही लिहू शकतो, आणि मेलचंही तसंच आहे. कुणा लबाडानं ढिगानं पत्रं सोडली आणि पत्ता आमचा घातला. जी पोहोचली नाहीत ती नेमानं आमच्या दारात परत येऊ लागली.

शेठ आले. पांढरा सदरा, साठी उलटलेली, आवाज चालू मिलच्या वर चढणारा. मी त्यांना फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, आणि स्वतःच्या टाळूवरून हात फिरवला, जिथं फिरवायला फारसं काही उरलेलं नव्हतं.

"मैडम," ते म्हणाले, "अपने पास ये दवा है, और मेरे को ही नहीं बताया?"

शेठ असे होते म्हणून मी तिथं टिकले. कागदावर मी ‘ऑपरेटर’ होते, पण वजनकाट्याच्या पावत्यांपासून कॅमेऱ्यांपर्यंत सगळं माझ्याकडेच. त्यातच तो मेल सर्व्हर. गोंदियातल्या बाकी मिलवाल्यांची मेल कुठल्या तरी मोठ्या कंपनीकडे असते. आमच्या शेठचं म्हणणं, आपली डाक आपल्या घरी. म्हणून काटाघराच्या कोपऱ्यात, प्लास्टिकच्या झाकणाखाली, एक काळं खोकं गुरगुरत बसलेलं असायचं, आणि ते माझं होतं. मी पुस्तकं वाचून, चुका करून, डोकं आपटून ते शिकले होते. त्या खोक्याबद्दल कुणी वाकडं बोललं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

आणि नेमकं त्याच आठवड्यात एक जण वाकडं बोलला.

प्रत्येक मेल सर्व्हरवर ‘पोस्टमास्टर’ नावाची एक पेटी ठेवायची रीत आहे. ती जिवंत माणसानं वाचायची असते, म्हणजे कुणाच्या सर्व्हरनं त्रास दिला तर तक्रार करायला जागा राहते. आमची पोस्टमास्टर मी. त्या पेटीत रायपूरच्या एका कॉलेजच्या पोस्टमास्टरचं पत्र आलं. इंग्रजीत, तीन ओळींचं, विळ्यासारखं: तुमची राईस मिल माझ्या प्रोफेसरांना कचरा पाठवून राहिली आहे, थांबवता येत नसेल तर सर्व्हर बंद करून धान कुटा.

धान कुटा! मी तिथल्या तिथं उत्तर लिहिलं. लिहिलं की आम्ही कुणाला काही पाठवत नाही, आमच्याच नावानं चोरी झाली आहे, आणि राईस मिलमध्ये धान कुटत नाहीत, भरडतात. इतकंही ज्याला माहीत नाही त्यानं धानावर बोलू नये. रागाच्या भरात शेवटची ओळ मराठीत गेली.

उत्तर मराठीत आलं. भरडतात हे माहीत आहे, माझी आई आमगावकडची आहे, चूक कबूल. पण कचरा तुमच्याकडूनच येतो, आणि कसा ते समजावून सांगू का?

त्यानं समजावलं आणि माझे कान गरम झाले. आमच्या सर्व्हरवर शेठचा एक जुना हुकूम होता: कुठल्याही नावानं पत्र येवो, दारातून परत पाठवायचं नाही. व्यापारी लोक नावं नीट लिहीत नाहीत. कुणी ‘शेठजी’ लिहितो, कुणी ‘मुनीमजी’, कुणी कधीच मेलेल्या मोठ्या शेठच्या नावानं लिहितो. सगळं आत घ्यायचं, मग बघायचं. तर चोर लोक आमच्या मिलमधल्या नसलेल्या माणसांना पत्रं पाठवत होते. आमचा भोळा सर्व्हर ती आत घेत होता, सावकाश शोधत होता, आणि माणूस सापडला नाही की नम्रपणे ‘हा माणूस इथं नाही’ म्हणून उलट पत्र पाठवत होता. कुणाला? पाकिटाच्या मागं ज्याचा खोटा पत्ता होता त्याला. म्हणजे रायपूरच्या प्रोफेसरांना. जो त्रास आम्हाला होत होता तोच आम्ही दुसऱ्यांना देत होतो, तोही हात जोडून.

उपाय एकच होता. आत घ्यायचंच नाही. दारातच विचारायचं, कुणाकडे आलात? तो माणूस नसेल तर तिथंच नाही म्हणायचं. मग परत नेण्याची कटकट आणणाऱ्याची, आपली नाही.

आता हे शेठना कसं पटवायचं? मी त्यांना फाटकाशी घेऊन गेले. बाहेर धानाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. आमच्याकडे गाडी आली की आधी पोत्यात परखी खुपसतात. परखी म्हणजे लोखंडी, टोकदार, पन्हळीसारखी नळी. पोतं न सोडता मूठभर धान बाहेर येतं. दाणा दाताखाली धरायचा, ओलावा बघायचा, आणि नाही पटलं तर गाडी तिथूनच वळवायची.

"शेठजी," मी म्हटलं, "गाडी खाली करून घेतली आणि मग माल खराब निघाला तर?"

"फिर तो हमाली भी अपनी, झगड़ा भी अपना."

"आपला मेल सर्व्हर रोज गाड्या खाली करून घेऊन राहिला आहे."

शेठ परखीकडे बघत राहिले. मग असे चिडले की जणू मीच त्यांना अडवत होते. "तो गेट पे परखी मारो ना! अब तक क्या कर रहे थे?"

मी मिलमधल्या खऱ्या माणसांची नावं सर्व्हरला सांगितली. मेलेल्या मोठ्या शेठचंही नाव ठेवलं, कारण त्यांना अजून पत्रं येतात. बाकी सगळ्यांना दारातून नकार. मग लॉग उघडून बसले. लॉग म्हणजे सर्व्हर दिवसभर काय करतो त्याची त्याचीच बडबड, ओळीखाली ओळ. आणि माझ्या डोळ्यांसमोर एकेक लबाड यायला लागला आणि आपटायला लागला. नाही. नाही. इथं नाही. निघा. तुम्हाला सांगते, अख्ख्या गोंदियात त्या दुपारी माझ्याइतकं सुखी कुणी नव्हतं. मी टाळ्या वाजवत होते. काट्यावरचा माणूस खिडकीतून डोकावून विचारून गेला, "काय झालं जी म्याडम, मॅच हाये का?"

मी रायपूरला लिहिलं: झालं. त्यानं लिहिलं: दिसलं, इकडचा पूर ओसरला. आणि खाली: आता वेळ असेल तर सांगा, उसना, म्हणजे उकडा, तांदूळ करताना धान उकळतात की नुसतं वाफवतात? आईशी पैज लागली आहे.

असं ते सुरू झालं. आधी उसना तांदूळ, मग त्याच्या सर्व्हर खोलीतला एसी आणि त्या एसीसाठी दुपारी तिथं डुलकी काढायला येणारे प्रोफेसर, मग आमच्या गावच्या तलावावर उतरणारे बगळे, मग मोहफुलं वेचायच्या दिवसांत माझी आई पहाटे किती आरडाओरडा करते ते. पत्रं लांबत गेली. पाकिटावर नाव दोघांचंही ‘पोस्टमास्टर’च, कारण सुरुवात त्या पेटीतून झाली होती आणि ती बदलायचं आम्हा दोघांनाही सुचलं नाही. तक्रारींसाठी ठेवलेल्या पेटीत इतकं हसू जगात कुणाच्या आलं नसेल.

एकदा तो नागपूरला जाताना गोंदिया जंक्शनवर उतरला आणि पुढच्या गाडीपर्यंत आम्ही फलाटावर चहा प्यायलो. उंच, किडकिडीत, शर्टाच्या खिशात पेन नाही तर स्क्रू ड्रायव्हर. पत्रात धबधब्यासारखा वाहणारा हा माणूस समोर बसून चहाच्या कपाला सगळं सांगत होता. मला तो इतका आवडला की त्याची गाडी सुटल्यावर मी माझा चहा पुन्हा एकदा, एकटीनंच, घेतला. नंबर दिले-घेतले, पण फोनवर त्याचं तसंच व्हायचं, तेव्हा आम्ही आपले पत्रावर परतलो.

मधल्या काळात चोरांनी चाल बदलली. आता ते नसलेल्या माणसांची नावं सोडून असलेल्या पत्त्यांवरून, म्हणजे शेठच्या आणि माझ्या पत्त्यावरून, टकलाची औषधं विकायला लागले. त्यामुळे परत येणारा कचरा थेट आमच्या खऱ्या नावावर यायचा आणि दारातली परखी त्याला खरा समजून आत सोडायची. शेठ वैतागले. त्यांचा धंद्यातला एक नेम होता: मिलमधून गेलेला तांदूळ कुणी परत पाठवला तर ते पोतं पुन्हा फाटकाच्या आत घ्यायचं नाही. बाहेरच्या बाहेर दुसऱ्याला विकून टाकायचं. परत आलेल्या मालाचं तोंड बघितलं तर सीझन बिघडतो, असं त्यांचं पक्कं मत.

"वापसी का माल अंदर नहीं आएगा," ते टेबलावर हात आपटून म्हणाले. "धान हो, चावल हो, डाक हो. वापसी मतलब वापसी."

मीही तेव्हा हवेतच होते. लोकांना दारातून हाकलण्याची चटक लागली होती. मी नियम लिहिला: ‘पत्र पोहोचलं नाही’ अशी कुठलीही चिठ्ठी, कुठूनही येवो, न उघडता केरात. पेटी आरशासारखी लख्ख झाली. शेठनी सगळ्यांना जिलेबी आणवली. हे मी रायपूरला कळवलं नाही. म्हटलं, एकदा असंच सहज सांगू आणि त्याला तोंडात बोट घालायला लावू.

आणि मग त्याचं ते पत्र आलं.

फोनवर मला जमणार नाही, त्यानं लिहिलं होतं, आणि समोर तर त्याहून नाही, म्हणून इथं. माझ्याशी लग्न करशील का? आईला मी सांगितलं आहे. तिला फक्त मुलगी काय म्हणते ते हवं आहे, बाकी जात, गाव, कुंडली तिनं विचारलं नाही. उत्तर इथंच दे. घाई नाही. नको असेल तर लिहू नकोस, मी समजून घेईन, पुन्हा कधी या गोष्टीचं नाव काढणार नाही.

मी ते वाचलं आणि काटाघरातून बाहेर पडून, मिलच्या मागं जिथं कोंड्याचा डोंगर असतो तिथं जाऊन, कुणी बघत नाही असं बघून, त्या डोंगरावर चक्क उडी मारली. अंगभर कोंडा घेऊन परत आले. मग उत्तर लिहायला बसले. पहिलं फार लांब झालं. दुसरं वाचून मला माझीच लाज वाटली. तिसऱ्यात मी सर्व्हरबद्दलच लिहीत सुटले. सगळी पुसली. शेवटी एकच शब्द लिहिला, ‘हो’, खाली आमच्या गावच्या तलावाचा सकाळचा मोठा फोटो जोडला, विषयाची जागा तशीच कोरी ठेवली, कारण या विषयाला काय नाव देणार? आणि पाठवून दिलं.

उत्तर आलं नाही.

पहिल्या दिवशी मी हसत होते. म्हटलं, कपाला सांगत बसला असेल. दुसऱ्या दिवशी म्हटलं, कॉलेजात परीक्षा असतील. मग मी चिडले. मला चिडायला फार लागत नाही. अरे, लग्नाचं विचारतोस आणि हो म्हटल्यावर दडी मारतोस? फोन तर मी करणार नव्हतेच, मेले तरी. विचारलं त्यानं, उत्तर दिलं मी, आता पाळी त्याची. घरी आई विचारायची, "काऊन ग, जेवून कायले नाही राहिली?" मी म्हणायचे, भूक नाही. पॅसेंजरच्या खिडकीशी बसून मी त्याला मनातल्या मनात असं फैलावर घ्यायचे की समोरची बाई जागा बदलून बसायची. पण खरं सांगायचं तर राग वरवरचा होता. आतून मी घाबरले होते. मला वाटायला लागलं की तो शब्द वाचून त्याला पटलं असेल, चूक झाली.

एके दुपारी शेठ फोन कानाला लावूनच काटाघरात शिरले. तिकडून कोचीचा व्यापारी बोलत होता. शेठनी त्याला तांदळाचे भाव कळवणारं पत्र मेलनं पाठवलं होतं, आणि तो म्हणत होता, मला मिळालंच नाही, मी दुसऱ्याकडून घेतला माल.

"मैडम, भेजा था ना? भेजा था तो गया कहाँ?"

मी बघितलं. व्यापाऱ्याच्या पत्त्यात एक अक्षर चुकलं होतं. पत्र तिकडून परत फिरलं होतं. "पण मग परत आल्याची चिठ्ठी आपल्याला यायला..." असं मी म्हणायला लागले आणि माझं वाक्य तिथंच तुटलं.

आली होती. मीच केरात टाकत होते. खोटी वापसी टाकायची म्हणून मी खरीही टाकत होते. आपण पाठवलेलं पत्र नाही पोहोचलं तर ते आपल्याला कधीच कळू नये, असा चोख बंदोबस्त मी स्वतःच्या हातानं केला होता.

आणि मग मला माझं पत्र आठवलं. मी लॉगमध्ये मागं, मागं, मागं गेले. त्या दिवसापर्यंत. ओळ होती. माझं पत्र रायपूरच्या दारात गेलं होतं, आणि रायपूरच्या सर्व्हरनं त्याला तिथंच थांबवलं होतं. कारण शेजारीच दिलं होतं: विषय कोरा, शब्द एक, चित्र मोठं, आणि येतंय कुठून तर टकलाची औषधं विकणाऱ्या राईस मिलमधून. स्पॅम. नाकारलं.

त्यानं माझा होकार कचरा म्हणून दारातून हाकलला होता, आणि हाकलल्याची चिठ्ठी मी न उघडता केरात टाकली होती. दोन हुशार पोस्टमास्टर! मी हसायला लागले. शेठ घाबरले. मला थांबताच येईना, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते कशाचं होतं ते मला आजही नीट सांगता येणार नाही. नको असेल तर लिहू नकोस, असं त्यानं लिहिलं होतं. म्हणजे इतके दिवस त्याच्याकडे माझा नकार पोहोचलेला होता.

आता कसला मान आणि कसली पाळी. मी फोन लावला.

"हॅलो," तो म्हणाला, इतक्या हळू की मिलच्या आवाजात मला दुसरा कान दाबून धरावा लागला.

"मी हो लिहिलं होतं!" मी ओरडले. "त्याच दिवशी! तुझ्या सर्व्हरनं परत पाठवलं!"

"काय?"

"लॉग बघ! तुझा लॉग बघ!"

बटणं बडवल्याचा आवाज आला. मग एक विचित्र आवाज, खुर्ची पडल्यासारखा. "अरे देवा," तो म्हणाला. "आई."

"आईचं काय?"

"आई बालाघाटला निघाली. मावशीनं तिकडे एक मुलगी बघितली आहे. मी म्हटलं, जा, तुला जे करायचं ते कर. ती गोंदियात गाडी बदलणार. आत्ता उतरली असेल. फोन पिशवीच्या तळाशी टाकते, उचलत नाही. ती एकदा तिथं जाऊन शब्द देऊन आली तर संपलं, ती शब्द फिरवत नाही."

मी फोन ठेवला का चालूच ठेवला आठवत नाही. शेठना म्हटलं, येते. ते म्हणाले, किधर? मी म्हटलं, बालाघाटची गाडी थांबवायला. फाटकातून बाहेर, ट्रॅक्टरांच्या रांगेतून वाट काढत, पहिल्या ऑटोत. ऑटोवाल्याला म्हटलं, भैया, उडवा. तो म्हणाला, "कौन बीमार है?" मी म्हटलं, मीच. त्यानं खरंच उडवली. फाटक, बाजार, पूल, एक सांड मधोमध उभा, त्याच्या बाजूनं, कुणाच्या तरी संत्र्यांच्या गाडीला घासून, स्टेशन.

मी त्या बाईंना कधी बघितलं नव्हतं. कशा दिसतात, विचारायला विसरले होते. बालाघाटच्या गाडीशी धावले आणि एकेका खिडकीशी थांबून ओरडायला लागले, "रायपूरहून कोन आलं? आमगावकडच्या कोन?" एका डब्यातून तीन बायका एकदम म्हणाल्या, आम्ही आमगावच्या. त्यांना मुलगा विचारला तर तिघींनाही मुली. एका म्हाताऱ्यानं मला पेरू दिला, बहुतेक गप्प बसावं म्हणून. गाडीनं शिट्टी दिली. मी तिच्यासोबत थोडी धावले. शेवटचा डबा निघून गेला, आणि मी हातात पेरू घेऊन तिथं उभी राहिले.

मला रडू आलं. खरं, मोठ्यानं, फलाटावर. इतकं साधं, एका शब्दाचं काम होतं, आणि ते कुठंही पोहोचत नव्हतं.

परतताना तोच ऑटोवाला भेटला. त्यानं आरशातून माझा चेहरा बघितला आणि आता हळू चालवली. रायपूरला फोन लागत नव्हता, सारखा दुसऱ्या कॉलवर. तो आईला लावत असणार. मिलच्या फाटकातून आत आले तर धान उतरवणारे हमाल काम सोडून ऑफिसच्या दाराशी गोळा झालेले. आत शेठ स्वतःच्या ऑफिसात पाहुण्याच्या स्टुलावर बसलेले. आणि त्यांच्या खुर्चीत एक काठापदराची हिरवी साडी, मांडीवर पिशवी, हातात पाण्याचा पेला.

"मैडम," शेठ दबक्या आवाजात म्हणाले, "ये पूछ रही हैं, यहाँ पोस्टमास्टर कौन है. मैंने बोला, ये तो राईस मिल है. मानती ही नहीं."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. रडलेले डोळे, वाऱ्यानं उडालेले केस, हातात पेरू.

"तूच का ग?" त्या म्हणाल्या.

मी मान हलवली. मग म्हटलं, "तुम्ही तर बालाघाटले चालल्या होत्या."

"त्याले तसंच सांगतली. खरं सांगतली असती तं येऊ नसतं देल्लं." त्यांनी पेला खाली ठेवला. "माझ्या पोट्ट्यानं तुले एक गोष्ट विचारली. तू काही बोलली नाही. तो म्हणते, नाही बोलली म्हंजे नाही. मी म्हटलं, बापा, पोरीनं तोंडानं नाही म्हटलं काय? तो म्हणते, नाही. मंग मी कायले मानू? म्हनून आली. काय हाये ते सांग, बाई. नाही असन तं नाही. मी राग नाही धरनार. पानी पिली, चालली जाईन."

दाराशी हमाल माना उंचावून ऐकत होते. मला सगळं सांगायचं होतं. सर्व्हर, चिठ्ठ्या, केर, लॉग. पण तोंडातून एकच शब्द निघाला.

"हो," मी म्हटलं.

"मोठ्यानं बोल. माझा कान कमी हाये."

"हो! मी हो म्हटलं होतं. आधीपासून हो."

 बाईंनी पदर तोंडाशी नेला, आणि मला वाटलं खोकताहेत, पण त्या हसत होत्या, आणि हसता हसता गालावरून पाणी उतरत होतं, आणि त्यांनी ते पुसलंही नाही.

"रायपूरपासून इथलोक," त्या म्हणाल्या, "मी एकच विचार करून राहिली होती, माय. तू नाही म्हटलं तं घरी जाऊन त्याले जेवाले कशी वाढू."